तेल मुरलेल्या मातीचा नमुना : वाचकांचे प्रश्न

या सदरासाठी यंदा पावसाळ्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे जमिनीत मुरलेल्या डिझेल-पेट्रोलविषयी आहेत. ती कोल्हापूर शहर आणि जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आली असल्यामुळे हा अंक त्याच एका विषयासाठी ठेवला आहे. पहिल्या दोन प्रश्नांना अधिक जागा दिली आहे, कारण त्यांत एका शेतकऱ्याचे पीक आणि एका कुटुंबाचे पिण्याचे पाणी गुंतलेले आहे.

प्रश्न : आमचे शेत कागल तालुक्यात महामार्गाला लागून आहे. फेब्रुवारी महिन्यात डिझेलचा टँकर उलटला आणि डिझेल बांध ओलांडून पाऊण एकर खोडव्यात शिरले. ऊस पिवळा पडून वाळला. मे महिन्यात नेहमीच्या पद्धतीने माती काढून, सावलीत वाळवून माती परीक्षण केंद्रात दिली. अहवालात सेंद्रिय कर्ब ‘अत्यंत जास्त’ आणि बाकी सगळे ठीक असे आले. मग जमिनीला नेमके झाले काय? — एक शेतकरी, कागल तालुका

आपल्या अहवालात लबाडी किंवा हलगर्जी झाली आहे असे मला वाटत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा एकूण १२ बाबी तपासल्या जातात, आणि त्यांतली एकही बाब तेलाचा शोध घेण्यासाठी नाही. सेंद्रिय कर्ब मोजताना मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालतात, आणि कर्बाच्या ऑक्सिडीकरणात किती डायक्रोमेट खर्ची पडले त्यावरून आकडा काढतात. तो कर्ब शेणखतातून आला की टँकरमधून, हे डायक्रोमेटला ओळखता येत नाही. म्हणून ज्या आकड्याकडे पाहून एरवी शेतकऱ्याला आनंद व्हावा, तोच आकडा आपल्या बाबतीत डिझेलामुळे फुगलेला असण्याची शक्यता आहे.

याहून मोठी अडचण नमुन्याची आहे. आपल्याकडे खताच्या शिफारशीसाठी माती कशी काढायची हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे, सगळी माती गोणपाटावर एकत्र करायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असे करत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची. खतासाठी ही रीत उत्तम आहे, कारण तिथे साऱ्या शेताची सरासरी हवी असते. तेलाच्या तपासणीत मात्र याच रीतीची प्रत्येक पायरी आपले नुकसान करते. माती एकत्र केली की जिथे डिझेल साचले होते ती जागा स्वच्छ मातीत बुडून जाते. गोणपाटावर पसरून वाळवली की हलके घटक हवेत उडून जातात. पेट्रोल सांडले असेल तर अशा वाळलेल्या मातीत जवळजवळ काहीच सापडणार नाही, आणि डिझेलचाही हलका भाग निघून जाईल. वीतभर खोलीवर थांबलो, तर त्याखाली काय झिरपले ते कळत नाही. आणि कापडी पिशवी वाफ धरून ठेवत नाही. साधी प्लास्टिकची पिशवीही वाफ सोडते, शिवाय स्वतः तेल शोषून घेते.

आपल्या भागातील काळ्या जमिनीचा स्वभावही इथे ध्यानात घेतला पाहिजे. ओली असताना ही चिकणमाती इतकी घट्ट होते की तेल तिच्यात शिरायला वेळ लागतो. पण पाण्याची पाळी लांबली की तिला भेगा पडतात, आणि त्या भेगांतून डिझेल थेट खालच्या मुरमापर्यंत जाऊ शकते. त्यामुळे वरची माती जेमतेम डागाळलेली आणि दोन हातांवरचा मुरूम तेलकट, असे चित्र दिसले तर नवल वाटू नये.

आता नवा नमुना कसा घ्यावा ते सांगतो. आधी कागदावर शेताचा कच्चा नकाशा काढा. टँकर कुठे पडला, डिझेल कोणत्या सऱ्यांतून वाहिले, कुठे साचले, ऊस कुठपर्यंत वाळला, जमिनीचा उतार कोणत्या बाजूला आहे आणि विहीर किंवा ओढा किती अंतरावर आहे, हे सगळे त्यावर यायला हवे. पाऊण एकरासाठी सुरुवातीला पाच ठिकाणे पुरतील : दोन जिथे डिझेल साचले तिथली, दोन वाळलेल्या आणि हिरव्या उसाच्या सीमेवरची, आणि एक उताराच्या खालच्या टोकाची. सहावे ठिकाण उताराच्या वरच्या अंगाला, जिथे डिझेल पोहोचलेच नाही अशा पण त्याच प्रतीच्या जमिनीत घ्या. हा तुलनेचा नमुना वाचवण्याचा मोह होतो, कारण ‘तिथे तर काहीच नाही’ असे वाटते. पण तोच नसेल तर बाकीच्या आकड्यांना टेकायला जागा राहत नाही. प्रत्येक ठिकाणी किमान दोन थरांतली माती घ्या, एक वरच्या १५ सेंटिमीटरमधली आणि दुसरी ६० ते ९० सेंटिमीटरमधली, आणि त्या कधीही एकमेकींत मिसळू नका. मधल्या थरात रंग किंवा ओल वेगळी दिसली तर तिथला तिसरा नमुना घ्या.

खोलवर जाण्यासाठी गिरमिट वापरावे. ते दर ठिकाणी साबणाच्या आणि मग स्वच्छ पाण्याने धुवावे, आणि त्याला वंगण लावू नये. स्वच्छ जागेपासून सुरुवात करून तेलकट जागा शेवटी घ्यावी. माती काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाची मिळाल्यास उत्तम, काठोकाठ दाबून भरावी. वर हवेची जागा राहिली की वाफ तिथे जमते आणि झाकण उघडताच निघून जाते. बरणी लगेच बर्फाच्या पेटीत ठेवावी. ४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड राहिलेला डिझेलचा नमुना १४ दिवसांच्या आत प्रयोगशाळेत द्रावकात काढला गेला पाहिजे. पेट्रोलाच्या बाबतीत मुदत कितीतरी कडक आहे : मेथनॉलमध्ये (वाफ होणारे घटक धरून ठेवणाऱ्या द्रावकात) न बुडवलेली माती ४८ तासांच्या आत यंत्राशी पोहोचावी लागते. कोल्हापुरातून रात्री निघालेली पेटी सकाळी पुण्यात पोहोचते, त्यामुळे हे अवघड नाही; मात्र शनिवारी दुपारी नमुना काढून तो सोमवारपर्यंत घरात ठेवू नये.

लहानशा वाटणाऱ्या काही गोष्टी सगळी मेहनत वाया घालवतात. दुचाकीत पेट्रोल भरून आलेल्या हातांनी नमुना घेऊ नये. जवळ डिझेल इंजिन चालू असेल तर ते बंद करावे. बरणीवर जाड शाईच्या मार्कर पेनने लिहू नये, कारण त्या शाईत टोल्युईन किंवा झायलीन हे पेट्रोलातही असणारे घटक असू शकतात. पेन्सिलने चिठ्ठी लिहून बाहेरून चिकटवावी. शेतात अलीकडे कीटकनाशक फवारले असेल तर त्याचे नाव आणि तारीख प्रयोगशाळेला कळवावी, कारण पाण्यात मिसळून दुधाळ होणाऱ्या अनेक कीटकनाशकांत झायलीनसारखे द्रावक असतात. माझ्या उमेदवारीच्या काळात आम्ही नमुन्यांची पेटी गाडीत पेट्रोलच्या कॅनशेजारी ठेवली होती. प्रवासात सोबत फिरवण्यासाठी म्हणून स्वच्छ पाण्याने भरलेली जी कोरी बाटली आम्ही नेली होती तिच्यातही टोल्युईन सापडले, आणि दोन दिवसांचे काम टाकून देऊन सगळे नमुने पुन्हा काढावे लागले. ती कोरी बाटली नसती तर आम्ही एका निर्दोष जमिनीला दूषित ठरवून मोकळे झालो असतो. म्हणून पेटीत एक कोरी बाटली आणि एखाद्या ठिकाणचा जोडनमुना, म्हणजे तिथलाच दुसरा नमुना, हवाच, असा माझा आग्रह असतो.

प्रयोगशाळा निवडताना तिला एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता आहे का एवढेच विचारून थांबू नका. मातीतील पेट्रोलियम हायड्रोकार्बनच्या चाचणीसाठी ती मान्यता आहे का, हे विचारा. डिझेलासाठी गॅस क्रोमॅटोग्राफवर (तेलाचे घटक वेगळे करून त्यांचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर) १० ते २८ कर्बअणूंच्या श्रेणीची तपासणी मागावी, आणि परवडत असेल तर तेलकट जागेच्या एका-दोन नमुन्यांत बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बनही (तेलातील अनेक कर्बकड्यांची, आरोग्याला घातक संयुगे) पाहावेत. उसाच्या शेतासाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. वनस्पतींच्या पानांवर आणि खोडांवर नैसर्गिक मेण असते, उसावर तर ते हाताला लागते, आणि पाचट किंवा कारखान्याची मळी घातलेल्या जमिनीत ते मुरलेले असते. यंत्राला हे मेणही हायड्रोकार्बनच दिसते. त्यामुळे अर्क सिलिका जेलमधून गाळून घेण्यास सांगावे आणि नुसता आकडा न घेता आलेखाची प्रतही मागून घ्यावी. वनस्पतींच्या मेणात विषम कर्बसंख्येची, विशेषतः २५ ते ३३ कर्बांची, उंच टोके उठून दिसतात. डिझेलचा आलेख त्याआधीच सुरू होतो, त्यात सम-विषम असा भेद नसतो आणि टोकांखाली एक फुगवटा असतो. जाणकार माणूस हे दोन आलेख पाहताच वेगळे ओळखतो.

आपला ऊस पिवळा का पडला याचे उत्तरही यातच आहे. डिझेलचा पातळ थर मातीच्या कणांवर बसला की माती पाणी धरत नाही आणि मुळांपर्यंत हवा पोहोचत नाही. त्यातच मातीतील जिवाणू डिझेल खाऊ लागतात आणि त्यासाठी लागणारा नत्र जमिनीतूनच घेतात, म्हणजे पिकाच्या तोंडचा घास जातो. दूषण मध्यम असेल तर हेच जिवाणू पुढे आपले काम सोपे करतात : माती वरचेवर उलटून हवा देणे, ओल टिकवणे, आणि शेणखताबरोबर नत्र-स्फुरद पुरवणे, याने डिझेल हळूहळू कमी होते. पण हे सगळे नमुने घेऊन झाल्यावरच करावे. आधी नांगर घातला तर कुठे किती तेल होते याचा पुरावा आपणच पुसून टाकू.

नुकसानभरपाईसाठी एक गोष्ट निक्षून सांगतो. आपण स्वतः काढलेला नमुना आपल्याला परिस्थिती समजण्यासाठी उपयोगी आहे. पण पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या कलम ११ मध्ये मातीचा नमुना अधिकाऱ्याने कसा घ्यावा, जागेच्या ताबेदाराला नोटीस कशी द्यावी आणि नमुना मोहोरबंद करून त्यावर सह्या कशा घ्याव्यात हे सांगितले आहे, आणि त्या रीतीने न घेतलेल्या नमुन्याचा निष्कर्ष त्या कायद्याखालच्या कारवाईत पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर येथील प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी अर्ज करून त्यांच्याकडूनच नमुना काढून घ्यावा, आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. अपघाताचा पोलिसांचा अहवाल, तलाठ्याचा पंचनामा आणि तारखेसह छायाचित्रे यांच्या प्रती काढून घ्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात भरपाईच्या अर्जासाठी ५ वर्षांची मुदत आहे, आणि आपल्यासाठीचे खंडपीठ पुण्यात आहे.

प्रश्न : शहरातील आमच्या जुन्या वाड्यातील आडाच्या पाण्याला गणपतीपासून दिवाळीपर्यंत पेट्रोलचा वास येतो आणि उन्हाळ्यात तो जातो. शंभरेक पावलांवर पेट्रोलपंप आहे. पंपावर विचारले तर ‘टाकी गळत असती तर बारा महिने वास आला असता’ असे सांगतात. आम्ही तुरटी फिरवून आणि उकळून पाणी वापरतो. हे पुरेसे आहे का? — एक भगिनी, कोल्हापूर

ताई, हे पाणी पिणे, त्याने स्वयंपाक करणे आणि ते उकळणे, तिन्ही आजच थांबवा. उकळल्याने जंतू मरतात. पेट्रोलाचे घटक मात्र वाफेबरोबर स्वयंपाकघराच्या हवेत येतात आणि आपण ते श्वासातून घेता. त्याच पाण्याच्या गरम आंघोळीनेही तेच होते. तुरटीचा किंवा क्लोरीनच्या गोळीचा यावर परिणाम होत नाही. आडावर काडी ओढू नका, आणि गाळ काढायला कुणाला आत उतरवू नका. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असल्याने आडाच्या तळाशी साचते, आणि तिथे आग व गुदमरणे हे दोन्ही धोके असतात.

पंपावरून मिळालेले उत्तर मला पटत नाही. पेट्रोल पाण्याहून हलके असते, त्यामुळे ते जमिनीत उतरत उतरत भूजलाच्या पातळीवर तरंगत राहते. कोल्हापुरात पावसाळ्यानंतर ही पातळी वर येते आणि मे महिन्यापर्यंत बरीच खाली जाते. पातळी खाली जाताना पेट्रोल मुरमाच्या आणि झिजलेल्या खडकाच्या पोकळ्यांत चिकटून मागे राहते. पाणी पुन्हा चढले की त्या पट्ट्यातून जाताना ते पेट्रोलाचे घटक विरघळवून घेते. म्हणून ठरावीक महिन्यांत येणारा वास हा गळती नसल्याचा पुरावा ठरत नाही. ती गळती आजची असेल किंवा दहा वर्षांपूर्वी दुरुस्त झालेल्या टाकीची असेल, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि पंपचालकाला आत्ताच दोषी ठरवणेही योग्य नाही.

वास गेला म्हणजे पाणी निर्दोष झाले, असेही समजू नये. पेट्रोलातील झायलीन आणि एथिलबेंझीन यांचा वास फार थोड्या प्रमाणातही येतो. बेंझीनचे तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनसाठी लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे, आणि पाण्यातून त्याचा वास येऊ लागतो तो साधारण १० मिलिग्रॅमला, म्हणजे मर्यादेच्या हजारपटीला. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. आपल्या नाकावर या बाबतीत विसंबता येत नाही.

पाण्याचा नमुना वास येत असतानाच, म्हणजे शक्यतो याच महिन्यात घ्यावा. त्यासाठी प्रयोगशाळेकडून ४० मिलिलिटरच्या काचेच्या छोट्या बाटल्या मागवाव्यात. त्यांत आधीच थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेले असते, म्हणून त्या विसळू नयेत. एक नमुना पाण्याच्या पृष्ठभागावरचा आणि दुसरा एक-दोन मीटर खालचा घ्यावा. पोहरा हळू सोडावा, पाणी खळबळू देऊ नये, आणि बाटली भरल्यावर उलटी करून आत बुडबुडा नाही हे पाहावे. बेंझीन, टोल्युईन, एथिलबेंझीन आणि झायलीन या चौघांची तपासणी मागावी. भारतीय मानक १०५०० : २०१२ प्रमाणे खनिज तेलाची मर्यादा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आहे, परंतु केवळ तेवढीच चाचणी केली तर बेंझीनबद्दल काहीच कळणार नाही.

मातीचे नमुने आड आणि पंप यांच्या मधल्या पट्ट्यात घ्यावे लागतील, आणि इथे वरची माती जवळजवळ निरुपयोगी आहे. जमिनीखालच्या टाकीतून किंवा नळीतून झिरपलेले पेट्रोल पृष्ठभागावर दिसत नाही. ते भूजलाच्या किंचित वर, जिथे माती केशाकर्षणाने ओलसर असते, त्या पट्ट्यात साचते. तिथपर्यंत यंत्राने छिद्र घेऊन, प्रत्येक टप्प्यावरची माती बंद पिशवीत थोडा वेळ ठेवून तिच्यातील वाफ हातात धरायच्या मापकाने मोजतात, आणि जिथे मापकाचा काटा सर्वांत जास्त हलतो तिथली माती मेथनॉलच्या बाटलीत प्रयोगशाळेला पाठवतात. एक मर्यादा मात्र सांगून ठेवतो. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे आणि पाणी त्याच्या सांध्यांतून व भेगांतून वाट काढते. त्यामुळे पंप आणि आड यांच्या बरोबर मध्ये घेतलेले छिद्र स्वच्छ निघाले, तरी आडातले पेट्रोल पंपाकडून आलेले नाही असे त्यावरून म्हणता येत नाही.

हे छिद्र घेण्याचे काम आपण स्वतः करायचे नाही. मंडळाकडे अर्ज करताना आपल्या आडाची जागा, वास येण्याचे महिने आणि शेजारच्या आडांची व बोअरची स्थिती लिहा. पंपाच्या टाक्यांचा परवाना पेट्रोलियम नियमांखाली पेसो ही केंद्रीय यंत्रणा देते, आणि टाकीतील साठ्याच्या रोजच्या नोंदी पंपावर असतात. मंडळाने त्या मागवल्या तर किती माल जमिनीत जात आहे याचा अंदाज निघतो.

याच ओघात एक गोष्ट, जी आपल्या जिल्ह्याला जवळची आहे. आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातला काही भाग उसापासून तयार होतो. जमिनीत गळती झाली की जिवाणू आधी इथेनॉल खातात आणि भूजलातील प्राणवायू त्यातच संपवतात, त्यामुळे बेंझीनचे विघटन लांबते आणि ते अधिक दूरवर जाऊ शकते. गळती लवकर शोधण्याचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे ते यासाठी.

प्रश्न : माती पाण्यात ढवळून वर तेलाचा तवंग येतो का, हे पाहून घरच्या घरी ओळखता येईल का? — एक विद्यार्थी, इचलकरंजी

काही अंशी. काचेच्या बरणीत माती आणि पाणी हलवून ठेवल्यावर रंगीत तवंग आला तर तेलाची शंका घ्यावी. मात्र लोहयुक्त साचलेल्या पाण्यात जिवाणूंमुळेही असाच तवंग येतो. काडीने छेडल्यावर जिवाणूंचा तवंग पापुद्र्यासारखा तुटतो आणि तुकडे वेगळे राहतात. तेलाचा तवंग फिरून एकजीव होतो. तवंग न आल्यास तेल नाही असे मात्र म्हणता येत नाही. माती नाकाशी नेऊन हुंगू नये आणि पेटवून तर मुळीच पाहू नये.

प्रश्न : उपनगरात एका जुन्या गॅरेजची जागा घर बांधण्यासाठी घेत आहोत. तिथे वाहने धुण्याचा रॅम्प आणि जमिनीत पुरलेली डिझेलची जुनी टाकी आहे. खरेदीपूर्वी काय तपासावे? — एक वाचक, करवीर तालुका

इथे डिझेलपेक्षा वापरलेल्या इंजिन ऑइलची चिंता अधिक करावी. इंजिनात तापून तापून त्यात बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन वाढलेले असतात, आणि झिजलेल्या धातूंचे कण व जस्तयुक्त पूरके त्यात मिसळलेली असतात. म्हणून १० ते ४० कर्बांच्या सगळ्या श्रेणीची तपासणी, बहुचक्रीय हायड्रोकार्बन, आणि शिसे, जस्त, तांबे व क्रोमियम हे धातू, एवढे मागावे. जागा फार जुनी असेल तर शिशाकडे विशेष लक्ष द्यावे : बॅटऱ्यांमुळे तर ते असतेच, शिवाय २००० साली देशभर शिसेमुक्त पेट्रोल येण्यापूर्वीच्या पेट्रोलातही ते होते.

नमुने जागेच्या चार कोपऱ्यांतून घेऊन भागणार नाही. रॅम्पखाली, सांडपाणी जिथून बाहेर जाते त्या तोंडाशी, ऑइल बदलण्याच्या खड्ड्याच्या तळाखाली आणि टाकीच्या दोन्ही टोकांना तिच्या तळापेक्षा अर्धा ते एक मीटर खाली, अशा ठिकाणी ते घ्यावेत. फरशी असेल तर ती फोडून खालची माती घ्यावी. टाकी रिकामी असली तरी तिला गॅस कटर लावू देऊ नका. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते. तेलकट माती निघाली तर ती ओढ्याकाठी किंवा भरावात टाकता येत नाही. ती धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात न्यावी लागते आणि तो खर्च मोठा असतो. तो विक्रेत्याने करायचा की आपण, हे साठेखतातच लिहून घ्यावे, कारण खरेदीनंतर हा वाद सोडवणे फार अवघड जाते. २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले आहेत. आपल्या वकिलांना ते वाचायला सांगा.

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या आवारातील मातीच्या अहवालात ‘तेल व ग्रीस : आढळले नाही’ असे लिहिले आहे. तरीही पावसात नाल्याला तेलकट वास येतो. अहवाल खोटा मानावा का? — एक उद्योजक, गोकुळ शिरगाव

खोटा मानण्यापूर्वी तो नीट वाचावा. ‘तेल व ग्रीस’ या चाचणीत मातीतील तेल हेक्झेनसारख्या द्रावकात काढतात, द्रावक उडवून टाकतात आणि मागे उरलेल्याचे वजन करतात. द्रावकाबरोबर पेट्रोल, थिनर आणि केरोसिनचा हलका भागही उडून जातो. ज्या आवारात थिनर किंवा पेट्रोल वापरले जाते तिथे ही चाचणी मुळात चुकीची निवडलेली असते, आणि तरीही स्वस्त असल्यामुळे ती सर्रास सुचवली जाते, याचे मला वाईट वाटते.

दुसरे, ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. प्रयोगशाळेच्या मोजण्याच्या मर्यादेपेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ. ती मर्यादा अहवालात छापलेली असलीच पाहिजे. किलोमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी मोजू न शकणाऱ्या चाचणीवरून बेंझीनबद्दल बोलता येणार नाही, कारण बेंझीनची चिंता मिलिग्रॅमच्या अंशांतच सुरू होते. तिसरे, आकडा ओल्या मातीवर दिला आहे की कोरड्या, ते पाहावे. २५ टक्के ओल असलेल्या मातीत ओल्या वजनावर ७५० मिलिग्रॅम आले असतील, तर कोरड्या वजनावर ते १,००० होतात, आणि दोन वेगळ्या ऋतूंतील अहवालांची तुलना कोरड्या वजनावरच करता येते.

आकडा किती असला म्हणजे जास्त समजावा, असेही आपण विचारले आहे. पुष्कळ सल्लागार नेदरलँड्सचा किलोमागे ५,००० मिलिग्रॅम हा आकडा पुढे करतात. तो खनिज तेलासाठीचा हस्तक्षेपाचा आकडा आहे, म्हणजे जिथे गंभीर दूषण मानून कृती करायची ती पातळी, आणि तोही १० टक्के सेंद्रिय पदार्थ व २५ टक्के चिकणमाती असलेल्या प्रमाणित मातीसाठी. आपल्याकडील मातीत सेंद्रिय पदार्थ त्याच्या कितीतरी खाली असतात. ५,००० च्या आत आहे म्हणून निर्धास्त, असा त्याचा उपयोग करू नये. जागेवर पुढे काय होणार, शेजारी विहीर आहे का आणि तेल कोणत्या प्रकारचे आहे, यांवर परवानगीचा आकडा ठरतो. आपल्या बाबतीत नाल्याच्या तोंडाशी आणि थिनरची पिंपे जिथे ठेवता तिथे, बाष्पशील घटकांसाठी नव्याने नमुने घ्यावेत.

प्रश्न : महापुरात शेतात तेलकट गाळ बसला होता. पुन्हा पूर आला तर नमुना कधी आणि कसा घ्यावा? — एक शेतकरी, शिरोळ तालुका

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हा प्रश्न अनेकांना पडला होता, पण तोपर्यंत गाळ नांगरला गेलेला असे. पाणी ओसरल्यावर पाय रोवता येईल त्या पहिल्या दिवशी, ऊन लागण्यापूर्वी नमुना घ्यावा. गाळाचा थर दोन-चार सेंटिमीटरचाच असतो. तो स्टीलच्या उलथन्याने अलगद उचलून एका बरणीत आणि त्याखालची मूळ जमीन दुसऱ्या बरणीत भरावी. गाळ आणि माती मिसळली तर पुराने काय आणले आणि जमिनीत आधीपासून काय होते, हे सांगणे कोणालाही शक्य होत नाही. जमल्यास येत्या उन्हाळ्यातच, शेत कोरडे असताना दोन ठिकाणची माती तपासून तो अहवाल घरात ठेवा. पुरानंतरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहता येईल.